आम्ही कॅमेरा घेतो

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टींचा उलगडा झाला पाहिजे, असा आपल्या पूर्वसूरींचा दंडक आहे. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, तो हाती घेण्याचा अधिकारी कोण, आणि ग्रंथाचा व विषयाचा संबंध कसा, हे सांगितल्यावाचून ग्रंथकार पुढे पाऊल टाकीत नाही. ह्या चौकडीस अनुबंधचतुष्टय असे भारदस्त नाव आहे. संस्कृतचे अध्यापन करीत असता अभ्यासक्रमात नसतानाही हे नाव आम्ही कित्येक मुलांकडून पाठ करून घेतले, आणि ‘‘आधी हे चार प्रश्न, मग पोथी’’ असे त्यांस वारंवार बजाविले. परंतु उपदेश करणे आणि तो स्वतः आचरणे ह्यांत किती अंतर असते, हे आम्हांस उतारवयात एका कॅमेऱ्याने शिकविले. त्या शिकवणुकीची फी पैशांत फारशी पडली नाही. ती वेगळ्याच नाण्यात द्यावी लागली. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे बिऱ्हाड देवनारला आहे. खरे म्हणजे होते असेच आता म्हणावयास हवे. गोवंडी स्टेशनावरून पायी येण्याजोग्या अंतरावर आमची चार मजली इमारत उभी होती. तिला लिफ्ट नव्हती, गिलावा जागोजागी सुटला होता, आणि पावसाळ्यात जिन्याच्या भिंतींवर ओलीचे असे नकाशे उमटत की भूगोलाच्या शिक्षकास वर्गात ते खुशाल वापरता आले असते. देवनार म्हटले की बाहेरच्या माणसास कचऱ्याचे डोंगर तेवढे आठवतात. शहराचा कचरा येथे १९२७ पासून येत आहे, आणि २०१६ च्या जानेवारीत तेथे आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांतही दिसला, हे खरेच आहे. पण त्याच देवनारात १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे झाडांनी भरलेले आवार आहे, पूर्वेस खाडी आहे, आणि आमच्यासारखी चाळीस-चाळीस वर्षे एकाच जिन्याने चढउतार केलेली माणसेही आहेत. गेल्या फाल्गुनात आमच्या सोसायटीची सभा भरली आणि इमारत पाडून नवी बांधावी असा ठराव एकमताने संमत झाला. हात आम्हीही वर केला. घरी आल्यावर मात्र कोणी काही बोलेना. वर्षभरात हा जिना, हे उंबरठे, ही दारे, ह्यांतले काहीही उरणार नव्हते.

त्या रात्री आमच्या मनाने घेतले की, हे सारे जाण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून ठेवावी. इमारतीत बावीस बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाचे, आपापल्या दारात उभे असलेले, एकेक चित्र असावे. जिन्याचे, गच्चीचे, गणपती बसविण्याच्या जागेचे असावे. आणि त्याचा एक संग्रह करून प्रत्येक घरी द्यावा. संकल्प मोठा नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, मग उद्यापासून काढा की! हातात मोबाइल आहे ना?’’

हे वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले. काम करावयाचे तर यथासांग करावे, अशी आमची जन्माची खोड. शिवाय मोबाइलने काढलेली जिन्यातली चित्रे आम्ही पाहिली होती. उन्हात तो कोणाचीही बरोबरी करील. परंतु आमच्या अंधाऱ्या जिन्यात त्याने घेतलेली माणसे फुटक्या आरशात पाहावी तशी पुसट येत. तेव्हा चांगला कॅमेरा घ्यावयाचा असे आम्ही ठरविले, आणि घ्यावयाचा तर ज्यास डीएसएलआर म्हणतात तोच घ्यावयाचा, असेही ठरविले. येथवर आमचे काही चुकले नाही. चुकले ते ह्यापुढे.

आमचा पुतण्या नोकरदार आहे आणि यंत्रांच्या बाबतीत घरातला वेदमूर्ती समजला जातो. त्याने आम्हांस ह्या विषयाची दीक्षा दिली. डीएसएलआर म्हणजे ‘डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स’. ह्या लांबलचक नावातील मर्म एका आरशात आहे. भिंगातून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत कललेल्या एका आरशावर पडतो, तेथून वर जाऊन कोनाकृती काचेत किंवा छोट्या आरशांच्या जुळणीत वळतो आणि मग आपल्या डोळ्यास येऊन मिळतो. म्हणजे भिंगास जे दिसते तेच आपणांस दिसते. मध्ये पडदा नाही, विजेचे चित्र नाही. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो, आणि क्षणार्धात आरसा पुन्हा जागेवर येतो. तो ‘खट्ट’ असा जो आवाज ऐकू येतो, तो मुख्यतः ह्या उठाबशीचा. आम्हांस ही रचना फार आवडली. दृष्टिरंध्राशेजारी चष्म्याचा नंबर जुळविण्याची एक छोटी चक्री असते हे कळल्यावर तर आमच्या वयाची काळजी कोणीतरी वाहिली आहे असे वाटले.

ह्यानंतर आम्ही एक दोनशे पानी वही घातली. तीत रकाने आखले: नाव, साल, वजन, मेगापिक्सेल, किंमत, गुण, दोष. ह्या जातीचा पहिला विक्रीस आलेला कॅमेरा कोडॅकने १९९१ मध्ये काढला. त्याची शक्ती १.३ मेगापिक्सेल होती आणि चित्रे साठविण्याची पेटी खांद्यास निराळी अडकवावी लागे, ही माहितीही आम्ही टिपून ठेवली. तिचा आमच्या खरेदीशी काय संबंध, हे मात्र कोणी विचारू नये. मेगापिक्सेलांच्या आकड्यांनी आम्हांस काही दिवस झपाटले होते. चोवीस बरे की बत्तीस, ह्या प्रश्नावर आमचा आणि पुतण्याचा एक रविवार गेला. शेवटी आम्ही स्वतःच हिशेब मांडला. ए-चार आकाराच्या कागदावर इंचास तीनशे ठिपके ह्या प्रमाणाने उत्तम चित्र छापावयाचे, तर लांबीस सुमारे ३५०० आणि रुंदीस सुमारे २४८० ठिपके लागतात; गुणाकार सत्त्याऐंशी लाखांच्या घरात जातो. म्हणजे नऊ मेगापिक्सेलांत आमचे काम होत होते, आणि चोवीस म्हणजे चैन होती. मग भांडण कशाचे? पण वहीत रकाना होता, आणि रकाना आहे म्हटल्यावर तो भरावयास हवा!

वैशाखात ह्या अभ्यासास एक नवीनच फाटा फुटला. आमच्या पूर्वेकडील ठाण्याच्या खाडीत थंडीच्या सुमारास रोहित पक्षी उतरतात व उन्हाळाअखेरपर्यंत राहतात. त्यांस कोणी अग्निपंख म्हणतात, कोणी सरळ फ्लेमिंगो म्हणतात. खाडीचा १६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळीचा जागतिक मान मिळाला. ऐरोलीस वनखात्याचे केंद्र आहे. तेथून भरतीओहोटी पाहून होडी सुटते. पुतण्याने आम्हांस तेथे नेले. चिखलाच्या काठाशी हजारो पक्षी माना खाली घालून शेवाळ टिपीत उभे होते. होडी जवळ जाताच त्यांतला एक थवा उठला आणि पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम आकाशात उघडला. ते दृश्य पाहून आमचे भान हरपले. परत येताना होडीतल्या एका गृहस्थांच्या हातांतील भिंग आम्ही न्याहाळले. ते तोफेच्या नळीएवढे होते. हे पक्षी जवळ आणावयाचे तर निदान तीनशे-चारशे मिलिमीटरांचे भिंग हवे, असे त्यांनी सांगितले, आणि चांगले असे भिंग कॅमेऱ्याहून महाग पडते हेही हसत हसत सांगितले.

झाले! घरी येताच वहीतले जुने रकाने रद्द झाले. आता पक्ष्यांस चालेल असा कॅमेरा हवा. म्हणजे एका सेकंदात अधिक चित्रे घेणारा हवा. म्हणजे अंदाजपत्रक तिपटीवर गेले. म्हणजे एका ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबावयास हवे. बावीस बिऱ्हाडे आणि तो अंधारा जिना ह्यांचा आम्हांस मुळी विसरच पडला. शोधावयास निघालो होतो घरचा दिवा, आणि विचार करीत बसलो दीपस्तंभाचा.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक काकू राहत. वय ऐंशीच्या घरात, अंगाने किरकोळ, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. दुपारी तीन वाजता उंबरठ्यावर बसून त्या तांदूळ निवडीत. जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस त्या जागेवरून होत असे. आमच्या नियोजित संग्रहातील पहिले चित्र ह्याच जागेचे, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरविले होते व त्यांस सांगितलेही होते. मोबाइल पुढे केला की त्या पदराने तोंड झाकीत. ‘‘असल्या चपटीत मला नका कोंबू, मास्तर,’’ असे म्हणत. पण कॅमेऱ्याचे त्यांनी मनावर घेतले होते. दर दोन-चार दिवसांनी विचारीत, ‘‘काय मास्तर, आला का तुमचा कॅमेरा? मी ती हिरवी इरकली काढून ठेवली आहे हो!’’ आम्ही म्हणत असू, ‘‘अजून पाहतो आहे, काकू. घाईने घेतला तर फसगत व्हायची.’’ त्यावर त्या म्हणत, ‘‘पाहा, पाहा. मुलगी पाहायलासुद्धा आमच्या काळी इतके दिवस घेत नसत.’’

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावणात तर पावसात कोणी कॅमेरा घेते का, असा आम्हांस एक नवा आणि सबळ मुद्दा सुचला. भाद्रपदात इमारतीचा शेवटचा गणपती बसला. आरतीच्या गर्दीत मोबाइल वर उचलून सर्वांनीच चित्रे घेतली; काकू मात्र नेहमीप्रमाणे आत प्रसादाच्या भांड्यांपाशी होत्या. विसर्जनानंतर आठव्या दिवशी पहाटे काकांनी आमचे दार ठोठावले. झोपेतच सारे आटोपले होते.

त्या दिवशीची बाकीची हकीकत सांगण्याचे कारण नाही, एवढीच सांगतो. दिवसकार्यासाठी तसबीर हवी होती. काकूंच्या मुलीने मोबाइल धुंडाळले, पेटीतील जुने आल्बम धुंडाळले. एका चित्रात डोळे मिटलेले, दुसऱ्यात पाठ, तिसऱ्यात पदर. अखेर कोणाच्या तरी मुंजीच्या समूहातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. त्या चौकटीत त्यांच्या उजव्या अंगास कोण्या परक्या माणसाचा अर्धा खांदा आला होता, तो काही केल्या निघेना. हार घातल्यावर तो झाकला गेला. आम्ही त्या तसबिरीपुढे बसलो होतो, आणि घरी आमच्या मेजावर ती दोनशे पानी वही पडली होती. तिची एकशे चाळीस पाने भरली होती. काकूंचे चित्र मोबाइलनेही निघाले असते, ही गोष्ट आम्हांस त्या क्षणी लख्ख दिसली. त्यांनी पदर घेतला असता, आम्ही थोडा हट्ट केला असता, त्या हसल्या असत्या. आणि तेवढ्यात ते झाले असते. आमच्या सौभाग्यवती त्या वेळी आम्हांस काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही एकटेच गाडीत बसून मुंबईस गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर, कोटात, बोरा बाजार म्हणून गल्ली आहे. तेथे कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. एका दुकानात पांढऱ्या केसांचे एक गुजराथी गृहस्थ बसले होते. आम्ही वही उघडली. त्यांनी ती हळूच मिटविली आणि शुद्ध मराठीत विचारले, ‘‘मास्तर, हे राहू द्या. फोटो कशाचे काढायचे आहेत ते सांगा.’’

सहा महिन्यांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. आणि आम्ही, अनुबंधचतुष्टयाचे पाठ घेणारे, तो स्वतःसही विचारला नव्हता. आम्ही म्हणालो, ‘‘एक अंधारा जिना आहे. त्या जिन्यावरच्या माणसांचे.’’ पक्ष्यांचे नाव आम्ही काढले नाही. त्यांनी मान डोलावली आणि कपाटातून वापरलेला एक निकॉन डी ३५०० बाहेर काढला. हा कॅमेरा २०१८ मध्ये बाजारात आला. आता त्याची निर्मिती बंद झाली आहे. चोवीस मेगापिक्सेल, आणि बॅटरीसकट वजन सुमारे ४१५ ग्रॅम. सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद. मोबाइलच्या सेन्सरहून तो कितीतरी मोठा, आणि जिन्यातल्या अपुऱ्या उजेडात हेच मोठेपण उपयोगी पडावयाचे. कॅनन आणि निकॉन ह्या दोन्ही घरांनी २०१८ पासून आपले लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळविले आहे; त्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे हौशी लोक काढून टाकतात आणि ते नवशिक्यास निम्म्या किमतीत मिळतात, असे त्यांनी समजाविले. मुलाची पाठ्यपुस्तके जुन्या बाजारातून घेणाऱ्या मास्तरास हे तत्त्व पटावयास वेळ लागला नाही.

वापरलेली वस्तू घेताना काय पाहावे, हेही त्यांनीच दाखविले. शटर किती वेळा उघडले ह्याचा आकडा चित्राच्या माहितीत दडलेला असतो. अशा साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख वेळा चालावे अशा बेताने केलेले असते, आणि आमच्या पुढ्यातले अकरा हजारांवर होते. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. ती बुरशी असते, आणि मुंबईच्या दमट हवेत ती भिंगाचा मोठा शत्रू आहे. पांढऱ्या भिंतीचे चित्र घेऊन त्यावर काळे ठिपके येतात का पाहावे. आले तर सेन्सरवर धूळ आहे. बॅटरीचे दार, कार्डाची खाच, भिंग बसविण्याची कडी, सारे हाताळून पाहावे. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. ह्या कॅमेऱ्याच्या अंगात भिंग फिरविणारी मोटार नाही. तेव्हा स्वतःची मोटार असलेलेच भिंग घ्यावे, नाहीतर जुन्या पद्धतीचे स्वस्त भिंग घरी नेल्यावर हाताने फिरवीत बसावे लागते.

भिंग कोणते, हाही प्रश्न त्यांनी एका वाक्यात सोडविला. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः अठरा ते पंचावन्न मिलिमीटरांचे भिंग येते; ते शिकावयास उत्तम. पण अंधारासाठी पस्तीस मिलिमीटरांचे, न हलणारे, १.८ छिद्राचे भिंग घ्या, असे ते म्हणाले. छिद्राचा हा आकडा उलटा चालतो. तो जितका लहान तितकी भिंगाची बाहुली मोठी. ५.६ च्या छिद्रातून जेवढा प्रकाश येतो त्याच्या नऊपटींहून अधिक १.८ मधून येतो. ह्या कॅमेऱ्यावर पस्तीसाचे भिंग जुन्या फिल्मवरच्या साडेबावन्न मिलिमीटरांसारखे वागते. म्हणजे दूरचे जवळ आणीत नाही आणि जवळचे दूर लोटीत नाही, डोळ्यास वाटते तसेच दाखविते. दोन्ही भिंगे मिळून जो खर्च आला तो आमच्या वहीतील शेवटच्या अंदाजपत्रकाच्या पाव हिश्शाहूनही कमी होता. वही आम्ही गाडीत पुन्हा उघडली नाही.

घरी येताना आम्हांस दादासाहेब फाळके आठवले. ते १९१२ मध्ये विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यासाठी विम्याच्या पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडावयाची वेळ आली होती. अशा महागड्या यंत्रापुढे त्यांनी प्रथम काय ठेवले? राजवाडा नव्हे, रणभूमी नव्हे. कुंडीत पेरलेला एक वाटाणा. त्याचा अंकुर फुटून वेल कसा होतो, हे त्यांनी दिवसेंदिवस थोडे थोडे टिपले, आणि ती छोटीशी फीत पाहून पैसे देणारांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, तो त्यानंतर. त्याही पूर्वी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तीत होते. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती ओली आहे तोच चित्र घेऊन, ओली आहे तोच धुवावी लागे. ह्या मंडळींस यंत्र निवडण्यास वाव नव्हता. म्हणूनच की काय, त्यांनी विषय निवडण्याकडे लक्ष दिले. आमच्यापुढे पन्नास यंत्रे होती, आणि उंबरठ्यावरचा विषय आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

जो कोणी नवशिका पहिला कॅमेरा घेण्याच्या विचारात असेल, त्यास आम्ही आता आमची जुनीच चौकडी सांगतो. प्रथम अधिकारी, म्हणजे तो स्वतः. हातास किती वजन पेलते, डोळ्यास काय दिसते, खिशास काय परवडते, हे प्रामाणिकपणे पाहावे. आमच्या हातास चारशे ग्रॅम पेलले. दीड किलोची तोफ दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेली असती. मग विषय. घरची माणसे असतील तर लहान पण मोठ्या छिद्राचे भिंग. पक्षी असतील तर लांब भिंग आणि अधिक खर्च. देवळे व लेणी असतील तर रुंद भिंग आणि तिपाई. मग प्रयोजन. चित्र भिंतीवर लावावयाचे की मोबाइलवर धाडावयाचे, ह्यावर मेगापिक्सेलांची गरज ठरते, आणि ती बहुधा दुकानदाराच्या आकड्याहून कमी असते. शेवटी संबंध, आणि हाच सर्वांत मोठा. जो कॅमेरा रोज उचलावासा वाटतो त्याचाच आपला संबंध जडतो. म्हणून दुकानात जाऊन तो हातात धरून पाहावा, डोळ्यास लावावा, त्याचा आवाज ऐकावा. वधूवरांच्या पत्रिका जुळल्या तरी एकमेकांस पाहिल्यावाचून लग्न ठरवू नये, असे आपण आता म्हणतोच ना? ह्या चार प्रश्नांस चार दिवस पुरतात. पाचवा दिवस लागला तर समजावे की आपण कॅमेरा निवडीत नसून काम टाळीत आहो. आणि तो येईपर्यंत हातात जे आहे त्याने आरंभ करावा. हे शेवटचे वाक्य आमचे नव्हे. ते कोणाचे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. कॅमेरा कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पेटीत ठेवू नये, ओल धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या घालून ठेवावा, आणि त्या रंग पालटू लागल्या की मंद आचेवर सुकवून घ्याव्या. त्याहून मोठे औषध म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा तरी भिंगास उजेड आणि वारा दाखवावा. आमच्या सौभाग्यवतींनी पापडाचा एक मोठा डबा ह्या कार्यासाठी दिला आहे. डब्यास अजून हिंगाचा वास येतो, पण बुरशी आलेली नाही.

आश्विनापासून पौषापर्यंत आम्ही ते बावीस उंबरठे चित्रांत घेतले. प्रथम पुष्कळ बिघडले. कोणाचे डोके कापले गेले, कोणाचे नाक स्पष्ट आले आणि कान धुरकट झाले. कारण मोठ्या छिद्रात स्पष्टतेची पट्टी अगदी अरुंद असते, हे आम्हांस अनुभवाने कळले. छिद्र २.८ वर आणून, आयएसओ सोळाशेवर ठेवून आणि माणसास भिंतीस टेकावयास सांगून चित्रे ठीक येऊ लागली. कोणी नवे कपडे घातले, कोणी मुद्दाम जुनेच ठेवले. तिसऱ्या मजल्यावरील मुलांनी जिन्याच्या कठड्यावरून घसरत येण्याचा हट्ट धरला. ते चित्र हलले आहे, तरी आम्ही काढून टाकले नाही.

काका आपल्या दारात उभे राहावयास तयार होईनात. ‘‘मास्तर, ती जागा तिची,’’ एवढेच म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही. घर सोडण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनीच आम्हांस हाक मारली आणि स्वयंपाकघरात नेले. सामान गेले होते. ओटा मोकळा होता. त्यांनी दार ओढून घेतले. दाराच्या मागच्या अंगास पेन्सिलीने आकड्यांच्या ओळी लिहिलेल्या होत्या. अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, खाडा, पाहुणे दोन, दीड लिटर. काकूंचा दुधाचा हिशेब होता तो, किती वर्षांचा कोण जाणे. जुन्या ओळी पुसट झाल्या होत्या आणि नव्या त्यांच्या वर चढल्या होत्या. शेवटची ओळ गणपतीच्या दिवसांतली होती. काका म्हणाले, ‘‘एवढे येईल का चित्रात?’’

आम्ही खिडकी उघडली, उजेड दारावर येऊ दिला आणि चार-पाच चित्रे घेतली. अक्षर स्पष्ट आले आहे. आमच्या त्या संग्रहात काकांच्या बिऱ्हाडाच्या पानावर तेच चित्र आहे. इतर एकवीस पानांवर माणसे आहेत.